कशावरूनकाका आणि बांधावरचे निळे दगड

त्यांचं खरं नाव दूध केंद्राच्या यंत्रात नोंदलेलं असेल तेवढंच. माणसं त्यांना कशावरूनकाका म्हणत.

बी विकणारा म्हणाला, हे नवं वाण दुप्पट उतरतं, की काका विचारत, "कशावरून?" पशुवैद्य म्हणाला, गाय गाभण आहे, की "कशावरून?" स्वतःचं लग्न ठरवताना मुलीकडच्यांनी मुलगी शांत स्वभावाची असल्याचं सांगितलं, तेव्हाही त्यांनी सगळ्यांसमोर हेच विचारलं होतं, असं काकू अजून सांगत. "आणि बरोबरच विचारलं होतं," एवढं काका आतल्या खोलीतून जोडत.

पण नुसतं विचारून थांबणारा हा माणूस नव्हता. शेतात त्यांची एक पद्धत होती. कुणी नवीन खत सांगितलं, नवीन औषध सांगितलं, तर ते एकाच ओळीला द्यायचं. शेजारची ओळ जुन्या पद्धतीने वाढवायची. मग दोन्ही ओळींच्या मधे उभं राहून एकदा इकडे बघायचं, एकदा तिकडे. जी ओळ जिंकेल ती पुढच्या वर्षी. दूध केंद्रात फॅट मोजायचं यंत्र आलं, त्या आठवड्यात त्यांनी एकाच गाईचं दूध दोन किटल्यांत भरून नेलं होतं. दोन्हींचा आकडा सारखा आला. केंद्रवाला छाती फुगवून बघत राहिला. काका म्हणाले, "ठीक आहे. आज खरं बोललं."

दूध केंद्र म्हणजे पत्र्याच्या छपराची एक लांबट खोली. एका बाजूला यंत्र, दुसऱ्या बाजूला पाण्याने सतत ओली असलेली फरशी, आणि दारापासून रस्त्यापर्यंत किटल्यांची रांग. माणसं पुढे सरकायची नाहीत, किटल्या सरकायच्या. माणसं भिंतीला टेकून गप्पा मारायची. दूध न्यायला येणारी गाडी वर्तमानपत्रं टाकून जाई. मंगळवारी त्यात विज्ञान आणि तंत्रज्ञानाचं पान असे. त्या दिवशी काका एका उपड्या क्रेटवर बसत, चष्मा चढवत आणि पान मोठ्याने वाचून दाखवत. वाचून झालं की घडी घालत, चष्मा काढत, आणि थोडं थांबत. सगळे वाट बघत. मग ते म्हणत, "कशावरून?"

तिथून खरी गंमत सुरू व्हायची.

यंत्रं आता विचार करू लागली, अशी बातमी आली. काका म्हणाले, "विचार करतं तर गप्प कसं बसत नाही? विचारल्या विचारल्या उत्तर देतं म्हणे. अशी माणसं मी पाहिलीत. एक तर निवडणुकीला उभी राहतात, नाहीतर बी विकतात."

ड्रायव्हरशिवाय चालणारा ट्रॅक्टर आला. "चालेल चालेल. पण बांधावर आल्यावर शेजाऱ्याशी भांडण कोण करणार?"

गाईशिवाय दूध तयार केलं, असं एकदा आलं. सगळी रांग गंभीर झाली, कारण विषय पोटाचा होता. काकांनी बराच वेळ विचार केला आणि विचारलं, "आणि शेण?"

हवामानाचा अंदाज तर त्यांचा हक्काचा बकरा. "चाळीस टक्के पाऊस! म्हणजे माझ्या चाळीस टक्के शेतात पडणार का? का मी चाळीस टक्के छत्री उघडू?" रोज आठ तास झोप हवी असं संशोधन आलं, तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं, "त्या शास्त्रज्ञाकडे गाय आहे का?"

लोक हसायचे, पण त्या हसण्याखाली एक भरवसा होता. काकांच्या चाळणीतून गेलेलं तेवढंच खरं. आणि त्या चाळणीतून आजवर काहीच गेलं नव्हतं.

मग कधीतरी अक्षरांवर साय धरायला लागली.

काकांना ते तसंच वाटलं. थंड होत आलेल्या दुधावर पातळ थर येतो आणि खालचं हलेनासं होतं, तसं. आधी बारीक मजकूर गेला, मग मधला. मथळे उरले होते, तेही कडांना विरघळलेले. चष्मा पुसला, उन्हात धरला, काकूंच्या पदराने पुसला. शेवटी छापखान्यावर संशय घेतला. "शाई पातळ करतायत. वाचवतायत पैसे."

काकूंना कळलंच होतं. एरवी जेवताना डाळीतला खडा शोधून ताटाच्या कडेला पुराव्यासारखा ठेवणारा माणूस आता खडा चावत होता आणि गप्प बसत होता.

"डोळे दाखवून या," त्या म्हणाल्या.

"डोळ्यांना काय झालंय?"

"मला काय विचारता? समोर कोण उभं आहे, सांगा."

"आवाजावरून तूच आहेस."

"बघा. डोळ्यावरून नाही सांगता आलं."

सुनेने तर शहरातल्या डोळ्यांच्या दवाखान्याची चौकशीही करून ठेवली होती. ती स्कूटरवरून बँकेच्या नोकरीला जायची आणि घरातली अवघड कामं जाता-येता उरकायची. "बाबा, मोतीबिंदू असणार. सोपं असतं हो आता. जुनं भिंग काढतात, नवीन बसवतात."

"कशाचं नवीन?"

"असतं एक. प्लास्टिकसारखं."

"डोळ्यात प्लास्टिक," काका सावकाश म्हणाले. "पिशवीवर बंदी, आणि डोळ्यात चालतं."

पण ही थट्टा नव्हती. ते लहान असताना त्यांच्या मामांच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं होतं. पट्टी बांधलेल्या मामांचा हात धरून त्यांनीच मामांना घरी आणलं होतं. वाटेत मामा सारखे म्हणत होते, डॉक्टर म्हणालेत, शंभर टक्के दिसेल. पट्टी निघाली तेव्हा दोन्ही डोळे सोललेल्या लसणीसारखे पांढरे होते. त्यानंतर मामा आयुष्यभर भाच्याचा चेहरा हाताने बघत राहिले. काकांच्या गालांना ती बोटं अजून आठवत होती. शंभर टक्के म्हणणारा माणूस काहीतरी विकायला आलेला असतो, हा त्यांचा नियम तिथून आला होता. निम्मंशिम्मं तरी दिसतंय. तेही कुणाच्या हातात द्यायचं?

म्हणून त्यांनी दुसरी वाट काढली. पहाटे धार काढताना गोठ्यात रेडिओ लागायचा. विज्ञानाच्या बातम्या त्यावरही येत. काका त्या मन लावून ऐकत आणि मंगळवारी क्रेटवर बसून, पान डोळ्यांसमोर धरून, त्याच सांगत. थोडं अडखळल्यासारखं करत, कारण वाचणारा अडखळतो. कुणाला काही कळलं नाही. बातम्या खऱ्या होत्या, फक्त पानावरच्या नव्हत्या. यात खोटं काय, असं त्यांनी स्वतःला विचारलं आणि आयुष्यात पहिल्यांदा 'कशावरून' न म्हणता उत्तर मान्य केलं.

एका मंगळवारी गोठ्यातला रेडिओ बोललाच नाही. सेल संपले होते.

काका केंद्रात आले. क्रेट होता, पान होतं, रांग होती. पानाच्या मधोमध एक मोठा फोटो होता. खाली काळसर उंचवटा, भोवती धुरकट काहीतरी. शेजारचा खरबूजवाला सकाळपासून रानडुकरांबद्दलच बोलत होता. त्याचं शेत काकांच्या बांधाला लागून होतं. रोज संध्याकाळनंतर मचाणावर बसून आणि दोरीला बांधलेले रिकामे डबे वाजवून तो आणि त्याची बायको आलटूनपालटून जागत होते. "दोघांच्या डोळ्यांची पार भट्टी झालीय," तो म्हणत होता.

"वाचा की काका," केंद्रवाला म्हणाला.

काकांनी फोटोकडे पाहिलं. काळा उंचवटा डुकरासारखा दिसायला लागला. धूसर भागात कुठेतरी निळसर झाक असावी, असं वाटलं. आणि तोंड उघडलं तसं वाक्यच बाहेर आलं. "रानडुकरांना निळा रंग सहन होत नाही, असं शास्त्रज्ञांना आढळलंय."

खरबूजवाल्याने मान वळवली.

"शेताच्या कडेने निळे रंगवलेले दगड ठेवले," काका वाचत गेले, अडखळत, नेहमीसारखे, "तर डुक्कर तिथूनच मागे वळतं."

त्यांनी घडी घातली. चष्मा काढला. रांग शांत झाली. किटलीच्या झाकणावर टपटपणारा नळ तेवढा ऐकू येत होता. सगळे त्या एका शब्दाची वाट बघत होते.

आणि काकांच्या लक्षात आलं, की आज तो शब्द उच्चारता येणार नाही. कशावरून म्हटलं, तर कुणीतरी म्हणेल, पुढे काय लिहिलंय बघा. किती डुकरं होती, कुठे केला प्रयोग, कुणी केला. एक खोटं उभं करणं सोपं. त्याला घर बांधून द्यायचं म्हणजे जन्म जातो.

"असेल बुवा," काका म्हणाले आणि पान काखेत मारून, किटली उचलून बाहेर पडले.

काकांची कलिंगडं आणि शेजारची खरबुजं वेलीवर धरली, मोठी व्हायला लागली. काका रोज बांधावरून जात होते. बांधाला दगड होते, पूर्वीही होते. त्यांना ते मळकट, राखेच्या रंगाचे दिसत होते. खरबूजवाला काही बोलला नाही. युक्ती सांगितली तर सगळेच करतील आणि डुकरं नवीन काहीतरी शिकतील, असा त्याचा हिशोब होता. मधे एकदा त्याने हातावरचा रंग रॉकेलने पुसताना काकांना नमस्कार केला. काकांना फक्त रॉकेलचा वास आला.

मग एका सकाळी बांधापलीकडून ओरडण्याचा आवाज आला.

काका काठी घेऊन गेले. पाय वेलींत अडकत होते. फुटलेल्या फळांचा गोड, आंबूस वास सगळीकडे पसरला होता. तुडवलेल्या मातीत मधमाश्या गुणगुणत होत्या. वाफ्यांत खरबूजवाला उभा होता, दोन्ही हात डोक्यावर.

"डुकरं?" काकांनी विचारलं.

"नाही, पाहुणे आले होते," तो म्हणाला. "अर्धं शेत खाल्लं दादा. अर्धं लोळून घाण केलं."

"आणि तू कुठे होतास? मचाणावर झोपलास?"

"घरी. घरी झोपलो होतो. डबेसुद्धा काढून ठेवले होते."

काकांचा आवाज चढला. "ऐन पिकात राखण सोडलीस? डोकं ठिकाणावर आहे का?"

"निळे दगड होते ना."

"कसले निळे दगड?"

"हे काय, सगळ्या बांधाला. तुमच्या पायाशीच आहे एक."

काकांनी पायाशी पाहिलं. दगड होता. राखेच्या रंगाचा.

"निळ्या दगडाने डुक्कर थांबतं?" काका संतापाने म्हणाले. "कशावरून? कुठल्या गाढवाने सांगितलं तुला हे?"

खरबूजवाल्याने डोक्यावरचे हात खाली घेतले. मग हळू म्हणाला, "तुम्हीच वाचलंत, दादा."

मधमाश्यांचा आवाज मोठा झाल्यासारखा वाटला.

"मी शंभर गोष्टी वाचतो," काका म्हणाले. "तू कधी एक तरी केलीस? ट्रॅक्टर आणलास? यंत्र आणलंस?"

"नाही आणलं. कारण प्रत्येक वेळी तुम्ही 'कशावरून' म्हणालात. ह्या एकाच वेळी नाही म्हणालात. 'असेल बुवा' म्हणालात." त्याचा आवाज चिरकला. "घरी जाऊन बायकोला म्हटलं, अगं, कशावरूनकाकांनी मान्य केलं. ती म्हणाली, मग झालं. रंग आण."

काका खाली बसले. एक फुटलेलं फळ हाताला लागलं, ओलं आणि कोमट. खोटं बोलणाऱ्यांवर ते आयुष्यभर संशय घेत आले होते. बी विकणारे, औषधवाले, पुढारी, यंत्रं. या सगळ्यांत ज्याच्यावर कुणी संशय घेणार नाही असा एकच माणूस होता, आणि नेमका तोच खोटं बोलला होता.

"मला दिसत नाही," ते म्हणाले.

"काय दिसत नाही?"

"अक्षरं. हा दगड निळा आहे म्हणतोस, तोही मला दिसत नाही. त्या दिवशी मी काहीच वाचलं नाही. सुचलं ते बोललो."

खरबूजवाला जवळ येऊन त्यांच्या डोळ्यांत बघू लागला, जणू तिथे काही लिहिलं असावं. "मग इतके मंगळवार आम्ही काय ऐकलं?"

"थोडा रेडिओ. थोडा मी."

तो वळला आणि वाफ्यातून तरातरा चालत गेला. काकांना वाटलं, गेला. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. पण तो बांधापर्यंत जाऊन परत आला.

"नुकसान भरून देतो," काका म्हणाले. "माझ्याकडची कलिंगडं घे."

"नको मला तुमची कलिंगडं."

"मग राखणीला बसतो. रोज."

"तुम्ही? मचाणावर?" तो इतका चिडलेला होता, तरी त्याला राहवेना. "समोर डुक्कर आलं तर त्यालाच विचाराल, कशावरून तू डुक्कर?"

काका हसले नाहीत. तोही हसला नाही. मग दोघेही, एकमेकांकडे न बघता, थोडे हसले.

"डोळे करून या," खरबूजवाला म्हणाला. "तेवढं करा. पुढच्या वर्षी मला खरी बातमी लागणार आहे."

त्या संध्याकाळी सुनेने डब्यांच्या फळीवर अंथरलेलं ते पान शोधून काढलं आणि बराच वेळ बघत राहिली. "बाबा," ती म्हणाली, "हा देवमासा आहे. समुद्रातला."

"आणि खाली काय लिहिलंय?"

"देवमासे एकमेकांना हाका मारतात म्हणे."

"कशावर..." काका म्हणाले आणि थांबले. काकू आतून म्हणाल्या, "पूर्ण करा, पूर्ण करा. घरात चालतं."

दवाखान्याची खोली काळोखी होती. डॉक्टरीण तरुण होती. तिचे हात थंड होते आणि तिने हनुवटी एका यंत्रावर टेकवायला लावली. काकांना ते फॅटच्या यंत्राच्या जातीचं वाटलं. सून मागे उभी होती, आता काय काय ऐकावं लागणार या तयारीने.

"मोतीबिंदू आहे. दोन्ही डोळ्यांत," डॉक्टरीण म्हणाली.

"कशावरून?"

तिने त्यांच्या डोळ्याचं मोठं चित्र पडद्यावर आणलं. काका पडद्याजवळ जाऊन जाऊन नाक टेकेपर्यंत गेले. "मला नुसता पिवळा डाग दिसतोय."

"तोच," ती म्हणाली. "तुम्ही सगळं जग त्याच्यातून बघताय."

काका परत येऊन बसले. "ऑपरेशन केलं की दिसेल?"

"बहुतेक."

"शंभर टक्के?"

डॉक्टरीण म्हणाली, "तसं नाही सांगता येणार. बहुतेकांना चांगलं दिसतं. एखाद्याला त्रास होतो."

"तो एखादा मीच नसेन, कशावरून?"

"कशावरूनच नाही," ती शांतपणे म्हणाली. "म्हणून तर आम्ही दोन्ही डोळे एकदम करत नाही. आधी एक करायचा, दुसरा आहे तसा ठेवायचा. पहिला कसा होतो ते बघायचं. मग दुसऱ्याचं ठरवायचं."

काळोख्या खोलीत काकांना शेतातल्या दोन ओळी दिसत होत्या. एक दुकानदाराच्या सांगण्याप्रमाणे, एक आपली. मधे उभं राहायचं. मामांना कुणी दुसरी ओळ ठेवू दिली होती का, ते आता विचारायला कुणी उरलं नव्हतं.

"उजवा घ्या," ते म्हणाले. "डावा माझ्याकडे राहू दे."

पट्टी निघाल्यावरसुद्धा ते काही दिवस घराबाहेर पडले नाहीत. काळा चष्मा लावून खाटेवर बसून राहायचे. कुणी विचारलं, दिसतं का, तर म्हणायचे, "अजून बघतोय." काकूंच्या चेहऱ्याकडे त्यांनी पहिल्यांदा बघितलं तेव्हा बराच वेळ बघितलं. "काय?" काकू म्हणाल्या. "काही नाही. भिंतीला रंग द्यायला झालाय," काका म्हणाले. जेवताना त्यांनी डाळीतला एक खडा काढून ताटाच्या कडेला ठेवला. काकूंनी तो पाहिला आणि तोंड फिरवून पदर डोळ्यांना लावला.

मग ते बांधावर गेले.

लांबूनच थांबले. त्यांच्या आणि खरबूजवाल्याच्या शेतांच्या मधे कुणीतरी आभाळाचे तुकडे ओळीने मांडून ठेवले होते. इतका निळा रंग त्यांनी कधी पाहिला होता का, हे त्यांना आठवेना. पाहिला असणार. पण केव्हा गेला, ते कळलं नव्हतं. प्रत्येक दगड वेगळा दिसत होता; एकावर ब्रशचे फराटे, एकावर रंगाचा सुकलेला ओघळ, एक मागच्या बाजूने तसाच सोडलेला. हे त्यांचं खोटं होतं. कुणीतरी ते मन लावून, दगडागणिक रंगवलं होतं.

खरबूजवाला नवी वेल लावत होता. बांधाला पुन्हा डब्यांची दोरी बांधलेली दिसत होती. त्याने मान वर केली. "दिसतात?"

"इतके निळे?" काका म्हणाले. "एवढा भडक रंग असतो का कुठे? कशावरून?"

तो झोपडीत गेला आणि रंगाचा अर्धवट डबा घेऊन आला. "हा घ्या. वाचा."

काकांनी डबा उजेडात धरला. सुरुवात केली आणि थांबेचनात. रंगाचं नाव, डबा कसा हलवायचा, किती वेळ वाळू द्यायचा, सगळं. तळाच्या मुंगीएवढ्या अक्षरांपाशी ते आले. "लहान मुले आणि जनावरे यांच्यापासून दूर ठेवावे." त्यांनी डबा खाली घेतला. "म्हणजे जनावरांना हा सोसत नाहीच की. मी अगदीच काही..."

"दादा," खरबूजवाला म्हणाला.

"बरं बरं."

त्यांनी उजवा डोळा मिटला. सगळी ओळ विझली. दगड राखेचे झाले, जुने, ओळखीचे, गेली काही वर्षं होते तसे. डावा मिटला. निळे. पुन्हा उजवा. राख. पुन्हा डावा. ते बराच वेळ असे उभे राहिले, आणि खरबूजवाला काम थांबवून बघत राहिला.

"काय चाललंय?"

"दोघांतला एक खोटं बोलतोय," काका म्हणाले.

"कोण ते तर कळलं ना आता?"

काकांनी वाकून बांधावरचा एक छोटा दगड उचलला, सदऱ्याच्या खिशात टाकला. खिसा ओढला जाऊन सदरा एका बाजूला लोंबायला लागला.

"तो कशाला नेताय?"

"डावा करायचाय," काका म्हणाले. "तोही जर हाच रंग सांगायला लागला, तर बघू."